साधं पेट्रोल की प्रीमियम? टर्बो गाडीवाल्यांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या दोन महिन्यांतली तुमची पत्रं आणि मेल काढून बसलो तर निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, टर्बो पेट्रोल गाडीत साधं पेट्रोल घालायचं की प्रीमियम. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. ब्रेक पॅड, टायर, इन्शुरन्सवाले प्रश्न पुढच्या अंकात घेतो, जरा थांबा.

प्रश्न : नमस्कार सर. दिवाळीत एसयूव्ही घेतली, १.५ लिटर टर्बो पेट्रोल, १६० पीएस ताकदीची, डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). ऑफिसमधले सगळे म्हणतात की टर्बोला साधं पेट्रोल घातलंस तर दोन-तीन वर्षांत इंजिन जाईल. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो काहीही घाला. पंपावर नवीन गाडी बघून न विचारताच ९५ वालं, म्हणजे प्रीमियमचं नोझल लावतात. महिन्याला हजार किलोमीटर होतात. नक्की काय घालू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी एक काम करा, खाली पार्किंगमध्ये जा आणि पेट्रोल टाकीचं बाहेरचं झाकण उघडा. आतल्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर ऑक्टेनचा आकडा असतो, नसला तर मॅन्युअलमध्ये इंधनाच्या पानावर असतोच. तिथे 'किमान ९१' असं असेल तर ऑफिसमधल्यांचं म्हणणं सोडून द्या. ज्यांनी ते इंजिन बनवलं त्यांनी ते आपल्याकडच्या साध्या पेट्रोलवर, आपल्याकडच्या उन्हात चालवून बघूनच विकायला काढलंय.

आता ऑक्टेन म्हणजे काय ते एकदा नीट सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. लोकांना वाटतं ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त. तसं नाहीये. दाब आणि उष्णता वाढल्यावर ठिणगीची आग पोचायच्या आधी स्वतःहून न पेटता पेट्रोल किती टिकून राहतं, त्याचं ते माप आहे. आयसोऑक्टेन नावाचं द्रव्य १०० धरलंय आणि हेप्टेन शून्य, आणि आपलं पेट्रोल एका ठराविक टेस्ट इंजिनमध्ये या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं त्यावरून आकडा काढतात. ९१ म्हणजे ९१ टक्के आयसोऑक्टेनच्या मिश्रणाइतकं ते दम धरतं, बस.

टर्बोचा यात संबंध कुठे येतो? टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो आणि दाबलेली हवा तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं नळकांडं खालून गरम लागतं ना, तेच. ही हवा इंटरकूलरमधून थंड करून आत पाठवतात, तरी साध्या इंजिनपेक्षा आतला दाब आणि उष्णता जास्तच राहते. मग प्लगची ठिणगी पडून आग पसरत असतानाच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण एकदम स्वतःहून भडकू शकतं, त्याला नॉकिंग म्हणतात. म्हणून टर्बोला ऑक्टेनची गरज जास्त असते हे तत्त्व म्हणून खरंच आहे, ऑफिसमधले लोक अगदी हवेतलं बोलत नाहीयेत. पण आजच्या प्रत्येक टर्बो गाडीत इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, नॉकिंगची कंपनं त्याला कळली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, ताबडतोब ठिणगी थोडी उशिरा पाडतो, गरज पडली तर टर्बोचा दाबही कमी करतो. इंजिन वाचतं, पिकअप तेवढ्यापुरता जरा कमी होतो. 'साधं घातलं आणि इंजिन गेलं' असं धडधाकट सेन्सरच्या गाडीत सहसा होत नाही.

आणि आता जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच आलेली नाहीये ती. आपल्याकडे एके काळी साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं होतं, मग ९१ झालं, आणि आता २० टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यापासून तेच साधं पेट्रोल ९५ ला पोचलंय. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर आहे, सुमारे १०८, त्यामुळे मिश्रणाचा आकडा वर जातो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ई२० बद्दल, म्हणजे याच २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल, जे स्पष्टीकरण दिलं त्यातही ९५ चाच उल्लेख होता, आणि ई२० च्या भारतीय मानकात किमान ९५ लिहिलेलंच आहे. म्हणजे पंपावर एका नोझलवर मोठ्या अक्षरात '९५' आहे आणि शेजारच्या साध्यावर काहीच लिहिलेलं नाही, तरी आकड्याच्या बाबतीत दोघांत पूर्वीसारखं अंतर राहिलेलं नाही. ९५ वाल्यात तुम्ही जास्तीचे पैसे देता ते मुख्यतः त्यातल्या साफसफाईच्या अॅडिटिव्हचे. ते फुकट जातात असं मी म्हणत नाही, त्याबद्दल खाली कोल्हापूरच्या प्रश्नात लिहिलंय, पण 'ऑक्टेनसाठी' म्हणून दर वेळी घालायची तुम्हाला गरज नाही.

हिशोब करून बघा. समजा तुमच्याकडे साधं १०५ आणि ९५ वालं ११३, म्हणजे आठ रुपयांचा फरक. गाडी शहरात १२ चं अॅव्हरेज देते असं धरू, महिन्याला ८३ लिटर लागलं, म्हणजे महिना साधारण ६६० रुपये आणि वर्षाला आठ हजाराच्या आसपास. हे पैसे अॅव्हरेजमधूनच वसूल व्हायचे असतील तर १२ चं जवळपास १२.९ व्हायला पाहिजे. ज्या इंजिनला ९१ पुरतं त्यात इतका फरक पडल्याचं मी आजवर बघितलेलं नाही. मला विचाराल तर त्या आठ हजारातून वर्षाला एक जास्तीचा ऑइल चेंज करा, टर्बोला त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि तो तरंगतो तो फक्त ऑइलच्या पातळ थरावर.

झाकणावर '९५' लिहिलेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, बऱ्याच जर्मन लक्झरी गाड्यांत तसं असतं, काहींत त्याहून वरचा आकडा असतो. तिथे काटकसर करू नका.

आणि पंपावर उतरून उभे राहा हो. 'साधं द्या' असं स्पष्ट सांगा, मीटर शून्यावर आला का बघा आणि कुठलं नोझल उचललं तेही बघा. गाडी नवी दिसली की महागडं नोझल लावायची सवय खूप ठिकाणी आहे, आणि गाडीत बसून मोबाईल बघत राहिलो की आपल्याला पावती हातात आल्यावरच कळतं.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो तिकडे त्याच्या टर्बो एसयूव्हीत सगळे ८७ च घालतात, आणि महागातलं घ्यायचं तर ९१ किंवा ९३. मग आपल्या झाकणावरचं 'किमान ९१' म्हणजे तिकडचं प्रीमियम झालं का? – सांगली

नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. आपण जो आकडा लिहितो तो आरओएन, म्हणजे टेस्ट इंजिन हळू फिरवून, हलक्या परिस्थितीत काढलेला. दुसरी एक एमओएन नावाची कडक चाचणी आहे, तिचा आकडा नेहमी कमी येतो. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे भावाचं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१-९२, आणि त्याचं ९१ म्हणजे आपल्याकडचं ९५-९६. अमेरिकेतल्या व्हिडिओत बघितलेले आकडे आपल्या पंपावर लावू नका, आणि तिकडून कोणी मॅन्युअलचा फोटो पाठवला तर आधी बघा की आकड्याच्या बाजूला काय लिहिलंय.

प्रश्न : दादा, मी नाशिकला राहते, माहेर शहापूर. समृद्धी झाला तरी आम्ही जुन्या कसारा घाटानेच येतो-जातो कारण तेच सोयीचं पडतं. गाडी १ लिटर टर्बो, सहा गिअर, मॅन्युअल, तीन वर्षं झाली. जाताना काही नाही, पण येताना घाट चढताना, मागे आई आणि दोन मुलं, डिकीत तांदळाची पोती, एसी चालू, तर इंजिनमधून बारीक तडतड आवाज येतो, फोडणीत मोहरी तडतडते ना तसा. एसी बंद केला की कमी होतो. नवरा म्हणतो साधं पेट्रोल घातल्याने होतंय, प्रीमियम घाल. गॅरेजवाला म्हणतो टॅपेट असेल. काय करू? – नाशिक

ताई, आवाज तुम्ही इतका नेमका लिहिलाय की गाडी न बघताही सांगतो, टॅपेट असण्याची शक्यता कमी आहे. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पार्टचा, आवाज सपाट रस्त्यावर, उभ्या गाडीतही येतो आणि आरपीएमबरोबर, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो. तुमचा फक्त चढावर, लोडवर येतोय आणि एसी बंद केल्यावर कमी होतोय, म्हणजे हे नॉकिंग आहे. तुमच्या मिस्टरांची दिशा बरोबर आहे, पण पेट्रोल बदलायच्या आधी दुसऱ्या दोन गोष्टी बघायला पाहिजेत.

पहिली म्हणजे तुम्ही घाट कुठल्या गिअरमध्ये चढता. टर्बो गाडीला खालच्या आरपीएमलाही टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर असतो, त्यामुळे चौथ्यात १४००-१५०० वरसुद्धा गाडी ओढत राहते आणि आपल्याला वाटतं छान चाललीये, गिअर कशाला पाडायचा. पण त्या वेळी इंजिनवर जो ताण येतो तो सगळ्यात वाईट असतो. इंजिन हळू फिरतंय, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, टर्बो भरभरून हवा कोंबतोय, आणि त्या गरम मिश्रणाला पेटून जायला भरपूर वेळ मिळतोय. इंजिन जोरात फिरत असतं तेव्हा मिश्रणाला तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून वरच्या आरपीएमला तडतड कमी होते. पुढच्या वेळी घाट सुरू व्हायच्या आधीच तिसऱ्यात या, वळणावर दुसऱ्यात, काटा २२०० ते ३००० च्या मध्ये ठेवा, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. इंजिनचा आवाज मोठा येईल, येऊ दे, त्याला काही होत नाही. माझा अंदाज आहे की तुमची निम्मी तडतड इथेच थांबेल.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. मागच्या मे महिन्यात चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात माझ्याच गाडीत हे केलं, तीन सिलिंडरची टर्बो, आत आम्ही चौघं, बाहेर दुपारचं ऊन. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाईलवर दाखवणारा ओबीडीचा डोंगल जोडलेला होता, त्यावर इग्निशन टायमिंगचा आकडा दिसत होता. चौथ्यात रेटत होतो तोवर आकडा पायरी पायरीने खाली उतरत होता, म्हणजे ईसीयू ठिणगी मागे मागे नेत होता, गाडी जड झाल्यासारखी वाटत होती आणि मी सवयीने अॅक्सिलरेटर अजून दाबत होतो. पुतण्या शेजारी मोबाईल धरून बसलेला, तो म्हणाला काका, आकडा अजून पडला. मग तिसऱ्यात टाकली आणि त्याच चढावर, त्याच पेट्रोलवर आकडा परत वर आला, पाय हलका ठेवूनसुद्धा गाडी आधीपेक्षा मोकळी चढली. टाकीत साधंच होतं.

दुसरी गोष्ट ऑइल. लहान टर्बो इंजिनमध्ये, त्यातही पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनमध्ये, नॉकिंगचा एक वेगळा आणि जास्त धोक्याचा भाऊ असतो. ठिणगी पडायच्या आधीच, ऑइलच्या थेंबाने किंवा काजळीच्या कणाने मिश्रण पेटतं, आणि हे नेमकं कमी आरपीएम आणि जास्त लोडवर होतं. तेव्हा तडतड येत नाही, एकच जोराचा ठोका येतो, आणि तसे ठोके वारंवार बसले तर पिस्टन, रिंगा तुटू शकतात. यावर पेट्रोलच्या ऑक्टेनचा फारसा उपाय चालत नाही, ऑइलचा चालतो. २०१८ मध्ये एपीआयने (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आणला तो बऱ्याच अंशी याच्यासाठी. तुमच्या ऑइलच्या डब्यावर मागे गोल चिन्ह असतं, त्यात एसपी किंवा त्याच्या पुढचा दर्जा आहे का बघा, आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तीच. कोपऱ्यावरच्या दुकानातलं स्वस्त जाडं ऑइल टर्बोत घालायचं नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

हे दोन्ही करूनही आवाज राहिला तर मिस्टर म्हणतात तसं करा, टाकी जवळपास रिकामी होऊ द्या आणि ९५ वालं फुल करा, ओळीने तीन टाक्या. एका टाकीने काही ठरवू नका, आधीचं उरलेलं पेट्रोल मिसळलेलं असतं आणि ईसीयूलाही नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला थोडं चालावं लागतं. पंपही बदलून बघा, जिथे दिवसभर गाड्यांची रांग असते असा मोठा पंप. आडबाजूच्या पंपावर विक्री कमी, माल जास्त दिवस पडून. आणि तीन टाक्यांनंतरही मोहरी तडतडतच राहिली तर मग दोष पेट्रोलचा नाही, स्कॅनर लावून नॉक सेन्सर, प्लग आणि इंटरकूलरचे पाइप तपासून घ्या. पाइपची क्लिप सैल झाली तर हवा गळते, इंटरकूलरच्या पुढच्या जाळीत घाटातला पाचोळा अडकला तर हवा थंडच होत नाही. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, जाळी मातीने पूर्ण लिंपलेली, पाण्याने धुतली आणि आवाज गेला.

प्रश्न : प्रीमियम पेट्रोलने इंजिन आतून स्वच्छ राहतं म्हणतात. दर चौथी टाकी प्रीमियमची भरतो. उपयोग होतो का? गाडी टर्बो आहे, पण टीजीडीआय की एमपीएफआय ते माहीत नाही. – कोल्हापूर

नेमकं तेच माहीत करून घ्या, कारण उत्तर त्यावर आहे. एमपीएफआय मध्ये इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारतो, म्हणजे व्हॉल्व्हवर सतत पेट्रोलची धार पडते आणि पेट्रोलमधलं अॅडिटिव्ह तिथला चिकटा धुऊन काढतं. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो या प्रकारचं आहे. जीडीआय मध्ये (टर्बोसकट असलं की टीजीडीआय) पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत जातं, व्हॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साठतो तो कितीही महागाच्या पेट्रोलने निघत नाही. क्रेटा, सेल्टोसचं १.५ टर्बो, फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय ही थेट फवारणीवाली. महिंद्राच्या थ्री एक्सओ मध्ये १.२ टर्बो दोन्ही प्रकारात मिळतं, म्हणून नुसतं 'टर्बो आहे' एवढ्यावरून काही कळत नाही, आरसी बुकातला व्हेरियंट किंवा ब्रोशर बघा.

जीडीआय मध्ये अॅडिटिव्हचा काहीच उपयोग नाही असं मात्र नाही. इंजेक्टरचं तोंड ज्वालेच्या जवळ असतं, त्याच्या बारीक भोकांवर कार्बन जमला की फवारा तिरका पडतो, ते तोंड साफ ठेवायला अॅडिटिव्ह कामाला येतं. तुमची दर चौथ्या टाकीची सवय मला आवडली, खर्च फार नाही आणि दोन्ही प्रकारच्या इंजिनांना थोडा फायदा आहे. चालू ठेवा. साधं आणि प्रीमियम टाकीत मिसळलं तर चालतं का असं अजून तिघांनी विचारलंय, चालतं, काही होत नाही.

प्रश्न : माझी टर्बो एसयूव्ही २०१९ ची आहे. ई२० मुळे पाइप खराब होतात म्हणून प्रीमियम घालतो, कारण त्यात इथेनॉल नसतं. बरोबर ना? – छत्रपती संभाजीनगर

इथे तुमचे पैसे चुकीच्या समजुतीवर जातायत. ९५ वाल्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतं. 'प्रीमियम म्हणजे बिगर इथेनॉलचं' हे कुठून पसरलं कळत नाही, पण दर आठवड्याला मला कोणीतरी हे सांगतंच.

तुमच्या काळजीत तथ्य आहे, ते मी उडवून लावणार नाही. ई२० ला चालतील असे रबर आणि प्लास्टिकचे पार्ट गाड्यांत एप्रिल २०२३ पासून सक्तीने आले. २०१९ ची गाडी त्याच्या आधीची. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घटतं, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला (१० टक्के इथेनॉलला) जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट येऊ शकते, आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. म्हणजे १२ चं ११.२ च्या आसपास झालं तर इंजिन बिघडलंय असं समजून गॅरेजला पळू नका. टर्बोच्या दृष्टीने एक चांगली बाजूही आहे, इथेनॉलची वाफ होताना ते आजूबाजूची बरीच उष्णता ओढून घेतं, सिलिंडर आतून गार राहतो आणि नॉकिंगला आळा बसतो.

तुम्ही करायचं ते एवढंच, कंपनीकडून तुमच्या मॉडेलबद्दल लेखी उत्तर घ्या, मेलवर घ्या, तोंडी नको. दर सर्व्हिसला इंधनाच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग हाताने दाबून बघायला सांगा, फुगलेल्या किंवा भेगाळलेल्या असतील तर बदलून टाका. आणि गाडी महिनामहिना अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही आहे, २.२ लिटर. मलाही ९५ ऑक्टेनचं काही मिळतं का? – जालना

ऑक्टेन पेट्रोलचं. डिझेलला सीटेन बघतात आणि तिथे उलटं असतं, डिझेलने लवकर पेटायला हवं. बीएस-६ डिझेलचं सीटेन किमान ५१ असतं, तुमच्या गाडीला ते पुरतं. पंपावर पेट्रोलचं नोझल गाडीत गेलं तर चावी फिरवू नका, स्टार्ट न करता ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या, प्रीमियमपेक्षा डिझेलवाल्यांनी ही काळजी घ्यावी.

प्रश्न : मित्रांबरोबर लडाखला जायचंय. १०० ऑक्टेन घालून जाऊ की ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या बरोबर नेऊ? गाडी १५० पीएस टर्बो. – ठाणे

दोन्हीपैकी काहीच नको. १०० ऑक्टेन २०२० च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने मुंबई-पुण्यासह दहा शहरांत आणलं, तेव्हा दिल्लीतच भाव लिटरला १६० रुपये होता. ज्या इंजिनाचा ईसीयू त्या आकड्याचा फायदा घेईल असा जुळवलेला असतो, म्हणजे सुपरकार, सुपरबाइक किंवा रीमॅप केलेली, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदललेली गाडी, त्यांच्यासाठी ते आहे. ९१ वर भागणाऱ्या इंजिनात १०० घातलं तरी ईसीयू त्याच्या नकाशाबाहेर जात नाही, ठिणगी ठरलेल्या जागेच्या पुढे नेतच नाही.

बाटल्यांबद्दल मात्र कळकळीने सांगतो, घेऊ नका. अशा काही बाटल्यांत लोखंड किंवा मँगनीज असलेली द्रव्यं असतात, त्यांची राख प्लगवर आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसते. एका मुलाच्या गाडीचे प्लग मी स्वतः काढलेत, टोकं विटेसारखी लालसर झाली होती, दोन सहलींच्या बाटल्यांचा तो परिणाम होता आणि गाडी मिसिंग करत होती म्हणून तो आला होता. बाटलीचे पैसे गेले, वर प्लगचा सेट. वाटेत खूप लांब आडबाजूला पेट्रोलबद्दल शंका आली तर पुढच्या मोठ्या गावापर्यंत हलक्या पायाने चालवा, नॉक सेन्सर तेवढं सांभाळतो. एअर फिल्टर मात्र नवा टाकून जा.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीचे. गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून टाकी नेहमी तिकडेच फुल करतो. वाचलेल्या पैशात प्रीमियम घालावं का? आणि पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी येतं त्याला प्रीमियमने फरक पडतो का? – सावंतवाडी

गोव्यात व्हॅट कमी म्हणून भाव कमी, माल तोच, त्यामुळे सीमेपलीकडे भरण्यात इंजिनाच्या दृष्टीने काहीच वावगं नाही. वाचलेले पैसे कुठे घालावे ते वर चिंचवडच्या उत्तरात लिहिलंय, ऑइलमध्ये.

पाण्याचं मात्र तुम्ही फार योग्य विचारलंत. प्रीमियमने काही फरक पडत नाही, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर साधं काय आणि ९५ काय. उलट इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी ठराविक प्रमाणाच्या वर गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला धरतं आणि दोघं मिळून खाली बसतात, म्हणजे तळाला पाण्याचा थर आणि वरच्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरलेलं. माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत झालंय हे, कोकणातच, जुलैमध्ये रात्री धो धो पाऊस पडत असताना एका पंपावर टाकी फुल केली, पंपाचं नाव लिहीत नाही, पाच किलोमीटरवर गाडी झटके खायला लागली आणि बंद. सकाळी मेकॅनिकने टाकीतून काढलेलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरलं तर खाली दोन बोटं गढूळ थर वेगळा दिसत होता. पावती होती म्हणून पंपवाल्याने खर्च दिला, नसती तर काही खरं नव्हतं.

म्हणून पावसाळ्यात एवढं करा. जोराच्या पावसात किंवा पंपावर टँकर रिकामा होत असताना भरू नका, तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो. पावती दर वेळी घ्या, फेकू नका, निदान ती टाकी संपेपर्यंत. शंका आली तर फिल्टर पेपर मागा, पंपावर तो ठेवावाच लागतो आणि गिऱ्हाईकाला फुकट द्यावा लागतो. नोझलचं तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर पाडा, दोनेक मिनिटांत तो उडून गेला आणि डाग राहिला नाही तर तेलाची भेसळ नाही. पाणी मात्र या कागदावर कळत नाही, त्यासाठी घनता बघायला सांगा, त्या दिवशीची नोंद पंपावर लिहिलेली असते आणि तुमच्यासमोर हायड्रोमीटरने मोजून दाखवणं त्यांना भाग आहे. मोजलेली आणि लिहिलेली घनता यात फरक जास्त वाटला तर भरू नका, पुढच्या पंपावर जा. पाणी शोधायची पेस्टही त्यांच्याकडे असते, काठीला लावून टाकीत बुडवली की पाणी लागलेल्या उंचीपर्यंत रंग बदलतो. रात्रभर मुसळधार पडून गेल्यावर सकाळी पहिल्यांदा भरत असाल तर 'काठी टाकून बघितली का' एवढं विचाराच, नीट चालवलेल्या पंपावर त्याचं उत्तर लगेच मिळतं.